रोजा लागलाय

आमच्या घरात माझ्या अभ्यासापेक्षा माझ्या अंगापिंडाची चर्चा जास्त व्हायची. सतराव्या वर्षी मी सहा फूट दोन इंच उंच आणि शंभर किलोच्या आसपास होतो. रत्नागिरीहून आलेला प्रत्येक पाहुणा चपला काढता काढता दारातच विचारायचा, "हा आपला इमू? माशाल्ला, ह्याला खायला काय घालता?" अम्मी लगेच काहीतरी पुटपुटत माझ्या पाठीवरून हात फिरवायची. सगळ्यांना घालायची तेच ती मलाही घालायची, फक्त माझा वाटा दोन माणसांचा असायचा. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं सालन, गावाहून आलेले सुके बोंबील गॅसवर भाजून वर लिंबू पिळलेले, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी घावन, एकामागून एक, मी पुरे म्हणेपर्यंत. मी पुरे म्हणायचोच नाही. अब्बा म्हणायचे, "ह्याच्यासाठी वेगळं लायसन्स काढावं लागणार."

लायसन्सची भाषा त्यांच्या तोंडात बसलेली होती, कारण गल्फमध्ये, अल क्वोजच्या गोदामांच्या वस्तीत, त्यांचं किचन होतं. एका बाजूला टायरचं गोदाम, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप आणि मधे आम्ही. कामगारांच्या राहण्याच्या ठिकाणी आमचे डबे जायचे. सकाळी कांदा कापायच्या मशीनचा घरघराट, दुपारी डेगी घासल्याचा खणखणाट, संध्याकाळी व्हॅनचं दार आपटलं की ड्रायव्हरला अब्बांची हाक, "यल्ला, यल्ला, ट्रॅफिक लागेल!" शाळा सुटली की मी घरी जायच्या ऐवजी तिथेच उतरायचो. भाताच्या चार डेगींच्या मधे एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. तिच्यावर बसून मी होमवर्क करायचो, आणि करता करता भाताचा वास घ्यायचो.

हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. डेगीवर झाकण घालून भात दमावर ठेवला की आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि झाकण उघडलं तर वाफ जाते. तळाला भात धरू लागला की आधी एक अगदी बारीक, भाजल्यासारखा वास येतो. तो आल्यावर मिनिटभरात गॅस बंद केला नाही तर अख्खी डेग करपते. आमचे मुख्य आचारी बशीरचाचा रायगडकडचे, तीस वर्षं हेच केलेले, पण सिगरेटींनी त्यांचं नाक गेलेलं. माझं नाक मात्र लहानपणापासून तेज. वास आला की मी वहीतून डोकं वर न काढता ओरडायचो, "तीन नंबर, खलास!" आणि बशीरचाचा तीन नंबरचा गॅस बंद करायचे. रमजानमध्ये तर माझ्याशिवाय पान हलत नसे. किचनमधल्या सगळ्यांचा रोजा, त्यामुळे कोणी काही चाखून बघायचं नाही. मीठ मापानं आणि बाकी सगळं इमूच्या नाकानं. साडेतीनशे माणसांचा इफ्तार त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अवलंबून असायचा आणि मला त्याचा फार गर्व होता.

अम्मी परवा म्हणाली, "पस्तिशीत कसलं आत्मचरित्र लिहितोस? अजून काय बघितलंयस तू?" तिला काय सांगू, माझ्या धंद्यात पस्तिशी म्हणजे म्हातारपण. मी अमेरिकेत आणि नंतर कॅनडात मिळून सात सीझन पगार घेऊन फुटबॉल खेळलो. लाथेचा नव्हे, तो अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा. त्यात माझं काम बचावाचं होतं. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, उजवी करंगळी कायमची बाहेर वळलीय, आणि जिना उतरताना माझा जो आवाज येतो त्यावरून माझी मुलगी मला दुसऱ्या मजल्यावरूनच ओळखते. "डॅड, यू साउंड लाइक अ डोअर," म्हणते. म्हाताऱ्यानं आठवणी लिहायला हरकत नसावी.

तर हा खेळ मला सापडला तोही किचनपासून दोन गल्ल्यांवर. एका रिकाम्या गोदामात कोणीतरी हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरून, मोठाले एसी लावून मैदान केलं होतं, आणि तिथे एक अमेरिकन गृहस्थ मुलांना शिकवत. आम्ही सगळे त्यांना नुसतं कोच म्हणायचो. मला तिथे नेलं नितीननं. नितीन सावंत माझ्या वर्गातला, त्याच्या वडिलांचा कॉन्ट्रॅक्टिंगचा बिझनेस होता. तो हडकुळा आणि वाऱ्यासारखा पळणारा, म्हणून चेंडू घेऊन पळणाऱ्यांत. मी जाडा, म्हणून त्याला पाडणाऱ्यांत. पहिल्याच दिवशी कोचनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि रत्नागिरीच्या पाहुण्यासारखंच काहीतरी इंग्रजीत म्हटलं. अब्बांना मी खेळ समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे कबड्डीच की, हेल्मेट घालून." आणि हेल्मेटची किंमत ऐकल्यावर म्हणाले, "चारशे दिरहम! म्हणजे आपले पाच हजार झाले! कबड्डी फुकट असते."

पण हेल्मेट त्यांनीच आणून दिलं. त्यांना खेळात काडीचा रस नव्हता, पण कोचनी एकदा किचनमध्ये येऊन त्यांना एक गोष्ट सांगितली होती. अमेरिकेतली कॉलेजं चांगल्या खेळाडूची फी माफ करतात, राहणं-जेवणंही देतात. त्या वर्षी अबुधाबीत दोन दिवसांचा कॅम्प होता, शुक्रवारपासून. तीन कॉलेजांचे कोच मुलं बघायला येणार होते, आणि आमचे कोच म्हणाले होते की या मुलाचं होऊन जाईल. अब्बा दहावीला गावातली शाळा सोडून गल्फला आलेले. कोच गेल्यावर ते बराच वेळ कांद्याच्या पोत्यावर बसून राहिले आणि मग अम्मीला म्हणाले, "इन्शाल्ला, आपला इमू अमेरिकेत शिकेल." त्यानंतर ते प्रत्येक डबेवाल्याला, गॅसवाल्याला, टायरच्या गोदामातल्या पठाणालासुद्धा हे सांगत सुटले. मला दुसरा मार्ग नव्हता. मार्क बेताचे होते, आणि अमेरिकेतली फी भरणं आमच्या किचनला सात जन्मांत झेपलं नसतं.

कॅम्पच्या आधीचा रविवार होता. रमजानचे दिवस, दुपारची प्रॅक्टिस. मी रोजे नवव्या वर्षापासून सगळे धरायचो आणि प्रॅक्टिसलाही पाण्याचा थेंब घ्यायचो नाही. त्या दिवशी नितीन चेंडू घेऊन माझ्या डाव्या बाजूनं सुटला. मी त्याला धरायला खाली झेपावलो, माझं डोकं जिथे असायला नको तिथे गेलं आणि त्याचा गुडघा पूर्ण वेगात माझ्या हेल्मेटच्या बाजूला बसला. आवाज मोठा झाला नाही. पुढचं मला आठवतं ते गोदामाचं छप्पर, आणि त्यावरचे दिवे जरा जास्तच होते.

कोच धावत आले, माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि प्रश्न विचारायला लागले. डोक्याला मार बसला तर चौदा दिवस मैदानात पाऊल नाही, हा त्यांचा नियम होता. एका माराच्या वर दुसरा मार बसला तर माणूस मरतो, किंवा जगतो पण कामातून जातो, हे त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचा आवाज नेहमीचा राहिला नव्हता. चौदा दिवस म्हणजे कॅम्प गेला. हे मला त्या अवस्थेतही कळत होतं, आणि नितीनलाही. तो माझ्या मागे बसून माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवण्याचं नाटक करत होता. कोचनी इंग्रजीत विचारलं, आत्तापर्यंत किती डाव झाले? मागून हळूच, शाळेतल्या सवयीनं हिंदीत, नितीनचा आवाज आला, "ग्यारह." मी म्हटलं, "इलेव्हन, कोच." तू ज्याला धरलंस त्याच्या शर्टावरचा नंबर काय? "इक्यासी." आता हिंदी आकडे मला शुद्धीतसुद्धा धड यायचे नाहीत. इक्यासी म्हणजे किती ते मी मनात मराठीत आणलं, मराठीतून इंग्रजीत नेलं आणि बऱ्याच वेळानं म्हणालो, "एटी-वन." कोचना वाटलं, पोरगा सावकाश पण विचार करून बोलतोय. नितीन धीर देतोय असंही त्यांना वाटलं असणार. त्यांनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला, बोट इकडून तिकडे फिरवलं आणि मला उरलेली प्रॅक्टिस बाहेर बसून राहायला सांगितलं. आम्ही पास झालो होतो.

पुढे सात वर्षं मी अशा प्रश्नांसमोर कितीतरी मुलांना बसलेलं बघितलं. प्रत्येक टीममध्ये प्रत्येकानं काहीतरी युक्ती शोधलेली असायची. माझ्या शेजारच्या लॉकरमधला एक धिप्पाड, हसरा माणूस आज चाळिशीत आपल्याच गल्लीचं वळण विसरतो. त्याची बायको मला कधीकधी फोन करते. तिचा फोन आला की मला ते ग्यारह आणि इक्यासी आठवतं.

त्या संध्याकाळी डोकं ठणकत होतं. उजेडाकडे बघवत नव्हतं. इफ्तारला मी एक खजूर खाल्ला आणि आडवा झालो. अम्मीनं कपाळाला हात लावला. "ताप नाही. रोजा लागलाय," ती म्हणाली. आमच्याकडे रमजानमध्ये चक्कर आली, डोकं दुखलं, कोणी चिडलं, कोणी दोनदा तेच बोललं, तर सगळ्याला हे एकच उत्तर असायचं. मला ते आयतंच मिळालं. सोमवारी शाळेत टीचरनी विचारलं, "आर यू ओके?" मी म्हटलं, "फास्टिंग, मॅम." शाळा सुटल्यावर किचनमध्ये अब्बा म्हणाले, "चेहरा का उतरलाय?" मी म्हटलं, "रोजा लागलाय." आणि माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो.

चारही डेगी दमावर होत्या. मी वही उघडली. अक्षरं जरा हलत होती, म्हणून मी डोळे मिटून घेतले आणि नाकावर भरवसा ठेवून बसलो. त्यानंतर एकदम बशीरचाचांची किंकाळी ऐकू आली. डोळे उघडले तर दोन नंबरच्या झाकणाच्या कडेनं धूर येत होता, आणि ते हातात फडकं घेऊन ओरडत होते, "इमू! अरे झोपलास काय? इमू!" मी झोपलो नव्हतो. मी समोर बसलो होतो, धूर माझ्या डोळ्यांत जात होता आणि मला कसलाही वास येत नव्हता. दोन नंबर गेली, तिच्या पाठोपाठ तीन नंबर. मगरिबला, म्हणजे रोजा सोडायला, तास-सव्वातास उरलेला. अब्बांनी दोन माणसं बेकरीकडे पिटाळली, मिळेल तेवढे खुबूस उचलून आणा म्हणाले, आणि डाळीत पाणी वाढवून दिलं. दिवसभर उन्हात सळया वाहिलेली माणसं त्या दिवशी पातळ डाळीवर रोजा सोडणार होती. व्हॅन गेल्यावर ते म्हणाले, "जाऊ दे. पोराला रोजा लागलाय."

अम्मी तिथेच होती. रमजानमध्ये मसाले ती स्वतः बघायची. तिनं मला कोठीच्या खोलीत नेलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "डोळे मीट."

"काय झालं, अम्मी?"

"मीट म्हणते ना." तिनं माझ्या नाकाखाली काहीतरी धरलं. "हे काय आहे?"

मी खूप ओढून श्वास घेतला. काहीच नाही. अंदाजानं म्हटलं, "दालचिनी?"

डोळे उघडले तर तिच्या हातात सुका बोंबील होता. कोकणातल्या माणसाला सुक्या बोंबलाचा वास आला नाही, हे मी आजही कुणाला सांगितलं तर ते आधी हसतात. अम्मी हसली नाही. "रोजात नाक तेज होतं, इमू. मंद होत नाही," ती म्हणाली. "काय झालंय, खरं सांग."

मी सांगितलं. गुडघा, छप्पर, नितीन, सगळं. शेवटी मी तिचे हात धरले आणि म्हटलं, "फक्त शुक्रवार-शनिवार, अम्मी. प्लीज. त्यानंतर मी वर्षभर खेळत नाही." त्या रात्री अब्बांनाही कळलं. ते डोक्याला हात लावून बसले. डॉक्टरकडे आधी नेऊ, नको, आधी कॅम्प होऊ दे, पण काही झालं म्हणजे, असं त्यांचं दोन्हीकडून चाललं होतं. शेवटी ते अम्मीला म्हणाले, "मला काही सुचत नाही. तू ठरव." एवढ्या बोलक्या माणसाला इतकं हतबल मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मंगळवारी प्रॅक्टिसला अम्मी माझ्याबरोबर आली. काळा अबाया, हातात पर्स, हिरव्या गवताच्या कडेला चप्पल काढून उभी. मी काखेत हेल्मेट धरून शेजारी. कोच आदबीनं चालत आले, हात छातीवर ठेवून सलाम म्हणाले. अम्मीला इंग्रजी येत नव्हतं आणि कोचना बाकी काही येत नव्हतं. बँक, शाळा, दवाखाना, सगळीकडे अम्मीचं बोलणं मीच इंग्रजीत करून सांगायचो, लहानपणापासून. त्यामुळे आम्हा तिघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

अम्मी म्हणाली, "ह्यांना सांग, रविवारी तुझ्या डोक्याला मार बसलाय. तुला वास येत नाही. तू त्यांना खोटी उत्तरं दिलीस. तुला खेळवू नका."

मी कोचकडे वळलो. नितीन चार पावलांवर बुटाची नाडी बांधत होता आणि त्याचे हात थांबले होते. मी इंग्रजीत म्हणालो, "माझी आई म्हणते, शुक्रवारची तिला काळजी वाटते, पण तुमच्यावर तिचा विश्वास आहे. तिला तुमचे आभार मानायचे होते."

हे वाक्य मी रात्रीच तयार करून ठेवलं होतं. लिहिताना आजही मला लाज वाटते.

कोचचा चेहरा उजळला. त्यांनी अंगठा वर केला आणि मनापासून हसले. अम्मी त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. "माझ्या मुलाचं डोकं दुखावलंय म्हटल्यावर हा माणूस हसतोय?" तिनं शांतपणे विचारलं. मी खाली बघितलं. तिनं नितीनकडे बघितलं, त्यानंही खाली बघितलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती भिंतीजवळच्या कूलरपाशी गेली, कागदी पेला पाण्यानं भरला आणि माझ्यासमोर आणून धरला.

"बरा असशील तर रोजा राख," ती म्हणाली. "बरा नसशील तर हे पी. आजाऱ्याला रोजा माफ आहे. ह्यांना काही सांगू नकोस, मलाही सांगू नकोस. जे खरं असेल ते कर."

दुपारचे चार वाजले होते. रमजानभर कोच माझ्यामागे पाण्याची बाटली घेऊन फिरले होते. एक घोट घे, डॉक्टरची चिठ्ठी आणून देतो, तुझ्या देवाला मी समजावतो, सगळं करून थकले होते आणि मी एकदाही बाटलीला हात लावला नव्हता. त्यांना माहीत होतं. पेला माझ्यासमोर आला तेव्हा त्यांचं हसू थांबलं. अम्मीचा हात अजिबात हलत नव्हता. मला अब्बा कांद्याच्या पोत्यावर बसलेले दिसले. अमेरिका माझ्या हातातून चालली होती, पुढच्या वर्षी पुन्हा कॅम्प येईल हे तेव्हा सुचलंही नाही, आणि ती हाकलून लावणारी माझी आईच होती. त्या क्षणी तिचा मला भयंकर राग आला, हेही खरं. पण कोचशी खोटं बोलणं वेगळं आणि बरा आहे असं म्हणून अल्लासमोर तो रोजा पुढे चालवणं वेगळं. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

मी पेला घेतला आणि एका दमात प्यायलो.

कोचनी माझ्या काखेतलं हेल्मेट काढून घेतलं, स्वतःच्या काखेत धरलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "सिन्स व्हेन, सन?" मी दोन बोटं वर केली. मग मला रडू फुटलं, शंभर किलोच्या पोराला, सगळ्या टीमसमोर. अम्मीनं आपल्या ओढणीनं माझं तोंड पुसलं आणि कोचकडे बघत मला म्हणाली, "आता नीट सांग ह्यांना. म्हणावं, तो खेळू नये असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणेल त्या दिवशी मी स्वतः त्याला इथे आणून सोडेन. पण दुसऱ्याची मुलं तुमच्या भरवशावर आहेत, उद्यापासून कुणाच्या मागे कुणी बसलंय का ते बघत जा."

मी डोळे पुसले, आणि ते शब्दन् शब्द सांगितलं.